बाजारतळावर पाणपोई चालवायची आहे: पाडवा ते मृग, माठांचे आणि पाण्याचे गणित कसे बसवावे?

कोरडवाहू

मराठवाड्यातले तालुक्याचे गाव आहे. एसटी स्टँडवरून बाजारतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मोठा कडुलिंब आहे, त्याच्याखाली पाणपोई सुरू करायची आहे. पाडव्याला रांजण भरायचा आणि मृग निघेपर्यंत एक दिवसही खाडा होऊ द्यायचा नाही, इतपत ठरले आहे. सात जण आहोत, सगळे नोकरी-धंद्यातले.

माहिती अशी: रोज साधारण ४०० माणसे पाणी पितील असा अंदाज आहे. शनिवारी आठवडी बाजार असतो, तेव्हा हा आकडा १५०० च्या घरात जातो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, म्हणून मुख्य भिस्त शेजारच्या एका बोअरवर. बोअरवाल्यांनी पाणी द्यायचे कबूल केले आहे. दुपारी ऊन ४२-४३ अंशांपर्यंत जाते.

विचारायचे ते असे. रांजण घ्यावेत की माठ, आणि किती? बोअरच्या पाण्याचे काय करावे? दुपारी एक-दोनच्या सुमारास पाणी संपते किंवा कोमट होते, असे बऱ्याच पाणपोयांवर दिसते, ते कसे टाळावे? आणि पंधरा दिवसांनी पाणपोई ओस पडू नये म्हणून माणसांची व्यवस्था कशी लावावी? जारचे थंड पाणी विकत आणून ठेवावे असे काही जण सुचवतात. तेही बरे का, सांगा.

---

घडवंची

आधी माठांचे बोलतो, कारण निम्म्या चुका खरेदीतच होतात.

माठ गार का होतो हे लक्षात ठेवले की बाकीचे सगळे आपोआप सुचते. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर पाझरते आणि उडून जाते. एक लिटर पाणी उडताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. म्हणजे २० लिटरच्या माठातून पाव लिटर पाणी उडाले तर उरलेले पाणी हिशेबाने सात अंशांनी उतरते. बाहेरची उष्णता आत शिरत राहते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त उडावे लागते. तेव्हा माठ जितका 'घामेजला' तितका चांगला. पाणी वाया जाते म्हणून कोणी तक्रार केली तर त्यांना हा हिशेब सांगा.

यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, रंग. पाणपोईचा रांजण म्हटला की त्यावर लाल ऑइलपेंट मारायचा आणि पांढऱ्या अक्षरांत नाव लिहायचे, ही पद्धत सगळीकडे आहे. ऑइलपेंटने छिद्रे बुजतात आणि रांजण नुसता साठवणीचा डबा होतो. गेरूचा पातळ हात चालतो. अक्षरे लिहायची तर पाटीवर लिहा, माठावर नको.

दुसरी, बांधकाम. विटा-सिमेंटच्या ओट्यात रांजण गळ्यापर्यंत पक्का बसवला की दिसायला छान दिसते, पण वारा लागायला जागाच उरत नाही. शिवाय तळाचा गाळ काढता येत नाही, तडा गेला तर बदलता येत नाही. लाकडी किंवा लोखंडी घडवंचीवर ठेवा, नाहीतर चार बोटे वाळूचा थर देऊन त्यावर ठेवा आणि वाळू दिवसातून दोनदा भिजवा. भोवती ओले गोणपाट गुंडाळता येते, पण ते सतत ओले राहिले तरच उपयोग. वाळलेले गोणपाट वारा अडवते, त्यापेक्षा नसलेले बरे.

तिसरी, आकार. १०० लिटरचा रांजण गार व्हायला रात्रभर घेतो, कारण पाण्याच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी. २० लिटरचा माठ पाच-सहा तासांत बऱ्यापैकी उतरतो. तुमच्यासाठी माठच बरे.

आता संख्या. माणशी एक पेला म्हणजे ३०० मिलिलिटर. कोणी दोन पेले पितात, कोणी बाटली भरून नेतात. सरासरी अर्धा लिटर धरा: ४०० माणसांना २०० लिटर. २० लिटरचे दहा माठ, पाच-पाचचे दोन संच करा. पहिला संच रात्री नऊला भरायचा, तो सकाळी नऊ ते एक चालतो. दुसरा पहाटे सहाला भरायचा आणि एक वाजेपर्यंत त्याला हातही लावायचा नाही. एकच्या पुढे तो उघडायचा. दुपारी पाणी कोमट होते ते याच कारणाने: सकाळचे संपले की लोक अकराला, बाराला त्याच माठात भर घालतात आणि ते पाणी गार व्हायला वेळच मिळत नाही. भर घालायची ती रिकाम्या झालेल्या संचात, चालू संचात नाही.

बाजाराच्या दिवशी ७५० लिटर लागेल. तेवढे माठांत गार करणे होणार नाही, तो हट्ट धरू नका. ५०० लिटरची टाकी कडुलिंबाखाली जमिनीलगत ठेवा, रात्री भरा, भोवती ओले तरट. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी मात्र कधीही आणू नका, दुपारी ते अंघोळीचे पाणी असते. माठांतले पाणी म्हाताऱ्यांसाठी, लेकुरवाळ्यांसाठी राखा, बाकीच्यांना टाकीचे. ते फ्रिजसारखे गार नसले तरी तहान भागवते.

खरेदीच्या वेळी माठ बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजला पाहिजे. बद्द वाजला तर तडा आहे किंवा भाजणी कच्ची आहे. तोटीचे भोक कुंभाराकडूनच भाजण्याआधी पाडून घ्या, तळापासून दोन बोटे वर. मग गाळ खाली राहतो. नंतर ड्रिलने पाडलेल्या भोकापासून चिरा जातात. तोटीला आतून-बाहेरून रबरी वॉशर लावा आणि नट हातानेच आवळा. पान्याने आवळला की पहिल्याच आठवड्यात माठ चिरतो. नवा माठ एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पहिली दोन-तीन पाणी झाडांना घाला.

बोअरचे पाणी जड असेल तर महिन्या-दीड महिन्यात माठावर बाहेरून पांढरा थर धरतो. तो क्षार आहे, तोच छिद्रे बुजवतो. नारळाच्या काथ्याने नुसत्या पाण्यात घासा. साबण अजिबात नको, तो मातीत मुरतो आणि चव जात नाही. प्रत्येक माठाला आठवड्यातून एक दिवस पूर्ण रिकामा करून उन्हात पालथा घाला. यासाठी दोन माठ जास्तीचे हवेत, म्हणजे एकूण बारा.

---

माडाची सावली

घडवंची यांच्या माहितीत एक भर. हे गणित कोरड्या हवेचे आहे. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर पाणी उडून उडून जास्तीत जास्त २२ अंशांपर्यंत उतरू शकते. माठ तिथपर्यंत पोचत नाही, पण दिशा तीच. कोकणात, गोव्यात एप्रिलमध्ये ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असते, तिथे ही मर्यादाच २८ च्या आसपास. म्हणून किनारपट्टीवर कोणी हा धागा वाचून माठ मांडणार असेल तर गारव्याची फार आशा धरू नका. तिथे सावली, स्वच्छता आणि पाणी कधीही न संपणे यांवर भर द्या.

---

सातबारा

बोअरच्या पाण्याचा एवढा बाऊ कशाला? ग्रामपंचायतीतून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) आणायची, अर्धी मूठ रांजणात टाकायची, काम झाले.

---

नितळ

सातबारा, हे करू नका आणि कोणाला सांगूही नका. अर्धी मूठ म्हणजे २५ ग्रॅम तरी होते. पावडरीत २५ टक्के क्लोरीन धरला तर १०० लिटर पाण्यात लिटरमागे ६० मिलिग्रॅमच्या वर जातो. पिताना पाण्यात उरायला हवा तो ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम. असे पाणी लोक तोंडातून थुंकून टाकतील आणि परत त्या पाणपोईवर येणार नाहीत. घसा आणि पोट बिघडेल ते वेगळेच. उलट, वर्षभर उघड्या पोत्यात पडलेल्या टीसीएलमध्ये क्लोरीन उरलेलाच नसतो, मग मूठभर टाकूनही जंतू तसेच राहतात. मूठ, चिमूट ही मापे इथे कामाची नाहीत. किराणा दुकानातला छोटा डिजिटल काटा वापरा.

कोरडवाहू, पहिले काम म्हणजे बोअरच्या पाण्याची तपासणी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, तिथे नमुना द्या. पाडव्याच्या आधी महिनाभर द्या, अहवाल हातात आल्याशिवाय माठ विकत घेऊ नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे. विरघळलेले क्षार ५०० पर्यंत चांगले, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त निघाले तर ते ना उकळून जाते, ना क्लोरीनने, ना नुसती तुरटी फिरवून, ना माठाने. मग ते बोअर पिण्यासाठी सोडूनच द्या आणि नळाचे पाणी साठवा किंवा टँकर घ्या. पाणी दिसायला काचेसारखे असले तरी हे लागू आहे.

तपासणीत पाणी योग्य ठरले की राहतो जंतूंचा प्रश्न. पद्धत अशी.

टीसीएल ताजी, बंद पाकिटातली घ्या. नवीन पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, आपण सुरक्षित हिशेबासाठी २५ धरू. २० ग्रॅम पावडर प्लॅस्टिकच्या भांड्यात थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाणी घालून अर्धा लिटर करा. धातूचे भांडे नको. तोंडावर रुमाल बांधा आणि हे काम उघड्यावर करा. तासभर ठेवा. चुना खाली बसतो, वरचे निवळलेले पाणी गडद रंगाच्या बाटलीत भरा. हे एक टक्क्याचे द्रावण झाले. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'विष, पिऊ नये' आणि तारीख लिहा. सावलीत ठेवले तर आठवडाभर वापरा, नंतर नवे करा.

२०० लिटरच्या ड्रमला यातले ३० मिलिलिटर. ढवळा, झाकण लावा, अर्धा तास थांबा. मग ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करा, पाण्यात किती क्लोरीन उरला ते तिच्या रंगावरून कळते. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी रोज हीच करतो, त्याच्याकडून एकदा शिकून घ्या. नळीत फिका पिवळा रंग आला तर बरोबर. काहीच रंग आला नाही तर आणखी १० मिलिलिटर घालून पुन्हा अर्धा तास. गडद पिवळा किंवा नारिंगी आला तर ड्रम उघडा ठेवा किंवा साधे पाणी मिसळा. दोन-तीन दिवसांत तुमच्या बोअरला नेमके किती लागते ते कळते, पुढे तेच प्रमाण. चाचणीचे पाणी ओतून द्यायचे, पुन्हा ड्रममध्ये नाही.

हे सगळे ड्रममध्ये करायचे, माठात नाही. माठ पाणी गार करण्यासाठी आहे, औषध घालण्यासाठी नाही. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीवरच खर्ची पडतो. आधी तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या, वरचे पाणी दुसऱ्या ड्रममध्ये काढा, मग क्लोरीन.

वाळ्याची जुडी माठात सोडणार असाल तर तीच गोष्ट: वाळाही क्लोरीन खातो आणि चार दिवसांनी बुळबुळीत होतो. वास मोहक असतो हे मान्य. पण ४०० अनोळखी माणसांच्या पाण्यात मी तो टाकणार नाही. घरच्या माठात जरूर टाका.

जारच्या पाण्याबद्दल: मशीनमधून गाळलेले असले तरी त्यात क्लोरीन उरत नाही. जार कसा धुतला, कुठे उघडा राहिला यावर सगळे अवलंबून. त्यामुळे ते आपोआप जास्त सुरक्षित ठरत नाही.

आणि शेवटचे, पण खरे तर सर्वांत महत्त्वाचे. पाणपोईचे पाणी बिघडते ते बहुतेक वेळा हाताने. माठाचे झाकण उघडून पेला आत बुडवला की वरची सगळी मेहनत वाया. तोंडावर ताटली आणि त्यावर वजन ठेवा, पाणी फक्त तोटीतून निघू द्या. बिनतोटीचा रांजण असेल तर लांब दांड्याचे ओगराळे आणि ते वापरणारा एकच माणूस. साखळीला बांधलेला स्टीलचा पेला नको. तो कोणी धूत नाही आणि तो जमिनीवर लोळतो. पेले ठेवायचे तर २५-३० ठेवा, वापरलेले वेगळ्या घमेल्यात, दोन तासांनी साबणाने धुऊन उन्हात. माणूस नेमता येत नसेल तर पेले ठेवूच नका. आपल्याकडे लोक ओंजळीने किंवा वरून धार धरून पितात, तीच सगळ्यांत स्वच्छ पद्धत.

---

तिसरा प्रहर

माणसांच्या व्यवस्थेवर लिहितो.

सात जण आणि सात वार, म्हणून प्रत्येकाला एक वार वाटून द्यायचा, ही सर्वांना पहिल्यांदा सुचणारी युक्ती. ती तिसऱ्या आठवड्यात मोडते. लग्नसराई असते, कोणाची बदली, कोणाचे आजारपण, आणि मंगळवारवाला आला नाही हे बुधवारी कळते. शिवाय रोज नवा माणूस असला की द्रावण किती घातले, कोणता माठ कधी धुतला, याचा धागा राहत नाही.

भरण्याचे आणि धुण्याचे काम एकाच माणसाला मानधन देऊन द्या. जवळच राहणारा किंवा जवळच टपरी, चपलांचे दुकान, रसवंती असलेला. रात्री एक तास, पहाटे एक तास. सेवा फुकटच हवी असे वाटून पुष्कळ जण इथे कचरतात. पण हे कष्टाचे काम आहे: २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, रोज. कष्टाचे पैसे त्याला मिळावेत आणि तहानलेल्याला पाणी फुकट मिळावे. तुम्ही सात जणांनी पैसे गोळा करायचे आणि देखरेख करायची. देखरेखीला सात वार छान जमतात, कारण ते दहा मिनिटांचे काम आहे: चाचणी, झाकणे, परिसर. एखाद्या दिवशी देखरेखवाला चुकला तरी पाणी चुकत नाही.

एक वही ठेवा, झाडाला टांगलेली. तारीख, किती ड्रम, द्रावण किती, चाचणीचा रंग, कोणते माठ उन्हात. पाण्याचा हिशेबही त्यातच कळतो. पहिल्या आठवड्यात ४०० चा अंदाज ६०० निघाला तर वही सांगेल.

खर्चाची तरतूद ७५-८० दिवसांची आधीच करा आणि ती रक्कम हातात आल्यावरच पाडव्याला सुरुवात करा. माठ एकदाच घ्यायचे असतात, खरा खर्च मानधनाचा आणि पाणी वाहण्याचा. मेच्या मध्यावर बोअर आटले तर टँकरला पैसे लागतील, ते वेगळे बाजूला काढा. ऊन सर्वांत कडक असते तेव्हाच बोअर आटते, हे गृहीत धरूनच चाला.

परवानगी: रस्त्याकडेची जागा असेल तर नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. स्टँडच्या आवारात असेल तर आगारप्रमुखांची परवानगी. हातगाडीवाले, रिक्षावाले यांची जागा जाणार असेल तर त्यांच्याशी आधी बोला. तेच पुढे पाणपोईचे राखणदार होतात.

बाजारच्या दिवसासाठी तोट्या मोजा. सहा तासांत १५०० माणसे म्हणजे मिनिटाला चार. एकाला अर्धा मिनिट लागतो, म्हणजे सरासरी दोन तोट्या चालू. गर्दीच्या वेळी दुप्पट. टाकीला चार तोट्या हव्यात. त्यांतली एक बाटल्या भरण्यासाठी उंचावर आणि बाजूला काढा. लांबच्या एसटीने जाणाऱ्याला पुढच्या चार तासांचे पाणी हवे असते, त्याला बाटली भरू नको म्हणू नका. एक तोटी लहान मुलांसाठी जमिनीपासून दोन फुटांवर.

सांडपाण्याकडे दुर्लक्ष झाले तर पंधरा दिवसांत तिथे चिखल, माश्या आणि शेजाऱ्यांची तक्रार. तोट्यांखाली फरशी, फरशीला उतार, आणि उताराच्या टोकाला एक मीटर लांब, रुंद, खोल शोषखड्डा, विटांच्या तुकड्यांनी आणि दगडगोट्यांनी भरलेला. तेच पाणी कडुलिंबाच्या आळ्यात सोडले तर त्याहून उत्तम. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस (पाण्याची भांडी रिकामी करून वाळवायचा) पाळायला सांगते तो ड्रमलाही लागू आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो.

---

गव्हाण

माणसांच्या तोट्यांपासून दहा-बारा पावलांवर जनावरांसाठी एक हाळ ठेवा. बाजाराला शेळ्या, बैल चालत येतात आणि पाणी नसले की माणसांच्या टाकीशी येऊन धडकतात. मोठे जनावर उन्हाळ्यात दिवसाला ५० लिटरच्या पुढे पिते, शेळी पाच-सात लिटर. सिमेंटची हाळ आतून चुन्याने रंगवा, शेवाळ कमी धरते. दर आठवड्याला रिकामी करून पुन्हा चुना. कुत्र्यांसाठी जमिनीवर एक जड सिमेंटचे भांडे पुरे. पाखरांसाठी उथळ परळ, दोन बोटे पाणी आणि मध्ये एक-दोन खडे, म्हणजे चिमणीला पाय टेकवता येतो. फांदीला टांगा. रोज बदलायचे, आणि ते पाणी भरायला एखादे शाळकरी पोर नेमून द्या, मुले हे काम चुकवत नाहीत.

---

शिलालेख

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. 'पोई'चे मूळ संस्कृत 'प्रपा'. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याच्या दानांच्या यादीत नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा उभारल्याचा उल्लेख येतो. म्हणजे वाटसरूला पाणी देणे ही इथली फार जुनी रीत.

पण त्याच भूमीत पाणी नाकारण्याची रीतही होती, हे विसरून पाणपोईवर बोलता येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायले. वरून पाणी ओतणारा माणूस आणि खाली ओंजळ धरणारा, या चित्राला एक दुखरी बाजूही आहे: भांड्याला स्पर्श नको म्हणून धार वरून सोडली जायची. म्हणून माझा आग्रह तोटीचा. जो येईल तो आपल्या हाताने तोटी उघडेल. पेले ठेवलेत तर सगळ्यांना तेच पेले. ओगराळे धरायला माणूस नेमावा लागलाच तर तो कोणत्याही समाजाचा असू दे, आणि त्यावरून कोणी कुरबुर केली तर ती तिथल्या तिथे थांबवा. अशी अडवणूक १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पाटीवर नुसते 'पिण्याचे पाणी' लिहा. देणाऱ्यांची नावे नकोत. नावे लिहिली की पाणपोई कोणाची, आणि मग तिथे कोणी प्यायचे, असे प्रश्न गावात सुरू होतात.

---

कोरडवाहू

सर्वांचे मनापासून आभार. बोअरचा नमुना याच आठवड्यात देतो. रांजणाचा विचार सोडला, बारा माठ घेतो. मानधनाचे पटले. कडुलिंबाशेजारी रसवंती आहे, त्यांच्याशी बोलतो. दोन शंका राहिल्या. उन्हाने चक्कर येऊन कोणी पाणपोईशी बसले तर काय करावे? आणि माठातच लिंबू-मीठ-साखर घालून ठेवावे का?

---

नितळ

माठात काहीही घालू नका. साखरेने पाणी आंबते, मीठ छिद्रांत बसते आणि माठ कायमचा निकामी होतो. शिवाय मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या माणसाला न विचारता साखर-मीठ पाजले जाते. ओआरएसची बंद पाकिटे ठेवा, गरजेला एक पाकीट, पाकिटावर जेवढे लिहिले आहे तेवढ्याच पाण्यात. ज्याला लागेल त्याच्यासमोर फोडा, उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नका. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाण्याबरोबर गुळाचा खडा द्यायची आपली पद्धत चांगली आहे, फक्त बरणीचे झाकण घट्ट आणि खडा काढायला चिमटा हवा.

चक्कर येऊन बसलेला माणूस शुद्धीत असेल, नीट बोलत असेल तर सावलीत आडवा करा, पाय थोडे उंच, कपडे सैल, घोट घोट पाणी. पण तो असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसावा इतके तापले, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. त्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत नुसते थांबून राहू नका: अंगावरचे कपडे पाण्याने भिजवा, जोरात वारा घाला, मान, काखा, जांघा यांवर ओली फडकी ठेवा आणि सतत बदला. यासाठी २० लिटरचा एक माठ वेगळा, कायम भरलेला ठेवा. बारा नव्हे, तेरा माठ घ्या.

---

घडवंची

तेराव्या माठाला तोटी नको, रुंद तोंडाचा घ्या, पटकन तांब्या बुडवता आला पाहिजे. त्यावर गेरूने खूण करा, म्हणजे घाईत कोणी त्यातले पाणी प्यायला देणार नाही. आणि माठ माघातच सांगून ठेवा. पाडव्याच्या तोंडावर कुंभाराकडे गर्दी असते, तेव्हा हातात येतात ते तोटीचे भोक नसलेले आणि घाईने भाजलेले.